मेंटल हेल्थ क्लब काढताय? पोस्टरच्या आधी सर्व्हे घ्या

हायस्कूलमध्ये मानसिक आरोग्याचा क्लब काढायचं ठरलं की पहिली मीटिंग बहुतेक वेळा नाव काय ठेवायचं, लोगो कोण काढणार, पेज कोण चालवणार यातच संपते, आणि मुलं इतकी उत्साहात असतात की त्यांना थांबवावंसंही वाटत नाही. मी काही वर्षांपासून अशा एका क्लबची मार्गदर्शक शिक्षिका आहे, आमचीही सुरुवात तशीच झाली आणि पहिलं अख्खं वर्ष आम्ही पोस्टरच लावली. चांगली होती पोस्टर, मुलांनी जीव ओतून केलेली, 'बोलते व्हा', 'तू एकटा नाहीस' वगैरे. पण वर्षाच्या शेवटी काउन्सेलर मॅडमना विचारलं की स्वतःहून येणारी मुलं वाढली का, तर त्या म्हणाल्या, नाही, तेवढीच आहेत. त्यानंतर जे शिकलो ते इथे लिहितेय, तुम्ही विद्यार्थी असा किंवा शिक्षक, वापरून बघा.

आधी हे लक्षात घ्या की हा दोनचार मुलांचा प्रश्न नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे १० ते १९ वयाच्या दर ७ जणांमागे १ जण कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारातून जात असतो, म्हणजे सरासरीने बघितलं तर ४० जणांच्या वर्गात पाच-सहा जण झाले. ती पाच-सहा मुलं गप्प का बसतात हे विचारा, स्टिग्मा किंवा कलंक असले शब्द कोणीच वापरणार नाही, ती म्हणतील 'सगळ्यांना कळलं तर', 'सायको म्हणतील', 'घरी काय वाटेल'. थोडक्यात लोक काय म्हणतील. आणि शाळेत हे 'लोक' म्हणजे कोण, तर मागच्या पुढच्या बाकावरचीच मुलं. क्लब याच मुलांचा असतो, त्यामुळे बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या एका तासाच्या भाषणाने जे होत नाही ते क्लबला करता येतं.

सर्व्हे कसा घ्यायचा

निनावी पाहिजे, कागदावर घेतला तर उत्तम, कारण ऑनलाइन फॉर्ममध्ये ईमेल दिसेल की काय अशी भीती मुलांना असते आणि मग ती खरं लिहीत नाहीत. प्रश्न पाच-सहाच ठेवा. त्यातले दोन प्रश्न जोडीने विचारायचे, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. पहिला, 'तुझा एखादा मित्र किंवा मैत्रीण काउन्सेलरकडे जाते असं कळलं तर तुझ्या मनातली त्यांची किंमत कमी होईल का?' आणि दुसरा, 'तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांच्या मनातली किंमत कमी होईल असं तुला वाटतं का?'

आम्ही उत्तरं मोजली तेव्हा मुलं गप्पच झाली. पहिल्याला बहुतेकांनी 'नाही' लिहिलेलं, दुसऱ्याला बहुतेकांनी 'हो'. म्हणजे जो तो म्हणतोय मला काही वाटत नाही पण बाकीच्यांना वाटेल, आणि बाकीचेही हेच म्हणतायत. हे फक्त आमच्याकडे झालं असं नाही, अमेरिकेतल्या १३ विद्यापीठांमधल्या पाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००९ साली आला होता, त्यातही मदत घेणाऱ्यांबद्दल स्वतःच्या मनात असलेल्या कलंकापेक्षा 'समाज काय म्हणेल' याचा अंदाज बराच जास्त होता.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक विसरतात म्हणून मुद्दाम सांगते. मदत घ्यायला जाणं न जाणं याच्याशी जास्त संबंध निघाला तो स्वतःच्या मनात काय आहे याचा. म्हणून नुसता तो फरक फळ्यावर लिहून काम संपत नाही. सर्व्हेचा निकाल सगळ्यांना दाखवा, मोठ्या अक्षरात दाखवा, त्याने दार उघडतं, पण त्यानंतर ज्यांनी पहिल्याच प्रश्नाला 'हो' लिहिलंय त्यांच्यापर्यंत पोचायचं असतं आणि ती मुलं क्लबच्या मीटिंगला येत नाहीत. ती वर्गात सापडतात.

सर्व्हेत डिप्रेशनची लक्षणं, जीव द्यायचे विचार वगैरे अजिबात विचारू नका. निनावी कागदावर कोणी तसं लिहिलं आणि तुम्हाला ते कोण आहे हेच माहीत नसेल तर तुम्ही काय करणार?

क्लबमध्ये कोण असावं

आपोआप जी मुलं येतात ती चांगलीच असतात, हळवी, वाचणारी, कुणाचं तरी ऐकून घेणारी, पण नुसती तीच असली की बाकी शाळा म्हणते तो त्यांचा ग्रुप आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी मुलगे दोनच होते. म्हणून शोधून आणा, टीममध्ये खेळणारा एक, मागच्या बाकावर ज्याचं सगळे ऐकतात तो, नाटकवाली, नवीन ॲडमिशन झालेली, जिच्याशी अजून कोणी फारसं बोलत नाही ती. अमेरिकेत सोर्सेस ऑफ स्ट्रेंथ नावाचा कार्यक्रम आहे, तो मुद्दाम वेगवेगळ्या गटांमधली मुलं निवडून त्यांना ट्रेनिंग देतो. १८ हायस्कूलमध्ये त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१० मध्ये आले, आणि त्यात असं दिसलं की संकटात मोठ्या माणसांची मदत मिळते यावरचा विश्वास शाळेतल्या बाकी मुलांमध्येही वाढला. ज्याचं वर्ग ऐकतो त्याने एकदा 'मी पण गेलो होतो काउन्सेलरकडे, काही नाही, बोलून बरं वाटतं' असं म्हटलं की ते दहा पोस्टरांना भारी पडतं. त्याच्यावर जबरदस्ती मात्र करू नका, त्याला सांगायचं नसेल तर विषय तिथेच सोडा.

रेडीमेड मदतही मिळते. ब्रिंग चेंज टू माइंड ही संस्था अभिनेत्री ग्लेन क्लोजने २०१० मध्ये सुरू केली, तिच्या बहिणीला बायपोलर डिसऑर्डर (मूड टोकाचा चढण्या-उतरण्याचा आजार) आहे, आणि ही संस्था अमेरिकेतल्या हायस्कूल क्लबना साहित्य देते. कॉलेजवाल्यांसाठी ॲक्टिव्ह माइंड्स आहे, ॲलिसन मॅलमन नावाच्या मुलीने भाऊ गेल्यावर स्वतः कॉलेजात असताना ते सुरू केलं. त्यांचं वाचा, उपक्रम बघा, पण जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या शाळेत मुलं कशाला घाबरतात ते तुमचा सर्व्हेच सांगेल.

परवानगी आणि मोठी माणसं

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, एक मार्गदर्शक शिक्षक आणि काउन्सेलर, शाळेत काउन्सेलर नसेल तर जवळचा एखादा मानसोपचारतज्ज्ञ किंवा ट्रेनिंग घेतलेली व्यक्ती, एवढं झाल्याशिवाय पहिला कार्यक्रम करू नका. पालकांना एक साधं पत्र द्या, क्लबमध्ये काय होतं आणि काय होत नाही हे लिहून. काय होत नाही हे जास्त स्पष्ट लिहा, इथे कोणाचं निदान होत नाही, उपचार होत नाहीत, कोणाला काहीही सांगायची सक्ती नाही.

एखाद्याने काही सांगितलं तर

क्लब सुरू झाला की हे होणारच, आणि पहिल्याच महिन्यात होतं. जिन्यात गाठून कोणीतरी म्हणतं, 'तुला एक सांगू, कुणाला सांगणार नाहीस ना?' आणि समोरचा सोळा वर्षांचा मुलगा पटकन म्हणून जातो, 'प्रॉमिस'. तिथेच चूक होते. म्हणून हा भाग आधी शिकवायचा, तोंडपाठ होईपर्यंत, जोड्या करून बोलून बघायचा. आमची वाक्यं साधारण अशी आहेत.

'मला सांगावंसं वाटलं हे बरं झालं. मी हे वर्गात कुणाला बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी एका मोठ्या माणसाला सांगणार, आणि तुला सांगूनच सांगणार.'

हे आधी म्हणायचं, त्याने सगळं सांगून झाल्यावर नाही. नंतर म्हटलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि बरोबरच आहे त्याचं.

शंका आली तर सरळ विचारायचं, 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?' असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो असं खूप जणांना वाटतं, शिक्षकांनाही वाटतं, पण आतापर्यंतच्या संशोधनात तसं दिसलेलं नाही, उलट कोणीतरी विचारलं याने हलकं वाटल्याचं बऱ्याच जणांनी सांगितलंय. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, सोबत जाऊन त्याच दिवशी, त्याच तासाला शक्य असेल तर तेव्हाच, ठरलेल्या मोठ्या माणसापर्यंत पोचवायचं. शाळेच्या वेळेबाहेर असेल तर घरातलं कोणी, नाहीतर हेल्पलाइन, धोका अगदी समोर असेल तर इमर्जन्सी नंबर. आणि हेल्पलाइनचा नंबर छापण्याआधी स्वतः लावून बघा, किती वाजेपर्यंत चालू असतो, कुठल्या भाषेत बोलतात, हे विचारून घ्या. आम्ही एकदा बंद पडलेला नंबर चार महिने भिंतीवर ठेवला होता. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

क्लबच्या चॅट ग्रुपवर कोणीही अशी गोष्ट टाकायची नाही आणि रात्री बारा वाजता कोणी टाकलीच तर मुलांनी आपापसात सोडवत बसायचं नाही, लगेच घरातल्या मोठ्यांना उठवायचं. तुम्ही मित्र आहात, डॉक्टर नाही, एवढं ओझं सोळाव्या वर्षी कुणाच्या डोक्यावर नको. आमची एक फार गुणी मुलगी दोन महिने एका मैत्रिणीला रोज रात्री एकटीच सांभाळत होती, आम्हाला पत्ता नव्हता, आणि शेवटी तिलाच झोप येईनाशी झाली. तेव्हापासून दर मीटिंगची पहिली दहा मिनिटं मी फक्त मेंबर्सना विचारते, तुम्ही कसे आहात, आणि थकलेल्याला महिनाभर सुट्टी मिळते, कारण विचारत नाही.

शब्द

मराठीत आपण किती सहज बोलतो बघा, 'वेडा आहेस का', 'स्क्रू ढिला आहे', 'डोक्यावर परिणाम झालाय', 'नाटकं करतोय', 'लक्ष वेधून घ्यायला करतेय'. त्यात आता 'मला ओसीडी आहे, मला टापटीप लागते' (ओसीडी म्हणजे खरं तर नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) आणि 'उद्या पेपर आहे, डिप्रेशन आलंय' याची भर. क्लबने शब्द पकडणारे पोलीस व्हायचं नाही, तसं केलं की मुलं मुद्दाम जास्त बोलतात, आमच्याकडे झालंय. त्यापेक्षा एक तास घ्या आणि मुलांनाच अशा शब्दांची यादी करू द्या, मग विचारा, यातला कुठला शब्द ऐकून तू स्वतःचं दुखणं सांगायचं टाळलं असतंस? बहुतेक वेळा 'नाटकं' हा शब्द पहिला येतो. मला वाटायचं 'वेडा' येईल. पण वेडा म्हणण्यापेक्षा कोणी आपल्यावर विश्वासच ठेवणार नाही याची भीती या मुलांना जास्त असते.

कोणी जीव दिला असेल तर त्याबद्दल बोलताना 'भेकड निघाला', 'पळपुटेपणा केला' हे जितकं वाईट तितकंच 'सुटला बिचारा' हेही वाईट, कारण ऐकणाऱ्यांमध्ये तसाच विचार करणारं कोणी असेल तर त्याला ती सुटका वाटते. कसं केलं, कुठे केलं हे तर कधीच बोलायचं नाही.

काय चालतं, काय उलटं पडतं

२०१२ साली ७२ अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं होतं, पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांचं. मोठ्या माणसांच्या बाबतीत, ज्याने आजार अनुभवलाय अशा माणसाला प्रत्यक्ष भेटण्याचा जास्त परिणाम दिसला, पण किशोरवयीन मुलांच्या बाबतीत माहिती देणं, शिकवणं याचा परिणाम जास्त होता. उपयोग दोन्हीचा झाला, पण हे वाचून आम्ही आमचा क्रम बदलला. आधी वर्गात माहितीचा तास आणि प्रश्नपेटी, मग अनुभव सांगणारी व्यक्ती. प्रश्नपेटी निनावी ठेवा, एक आठवडा आधी वर्गात फिरवा आणि उत्तरं काउन्सेलरकडून तपासून मग मुलांनीच द्या. प्रश्न फार खरे येतात, गोळ्या घेतल्या की आयुष्यभर घ्याव्या लागतात का, आईला होतं म्हणून मलाही होणार का, काउन्सेलर घरी फोन करतात का. शेवटच्याचं उत्तर तुमच्या शाळेचा नियम बघून खरं खरं द्या, गोड करून सांगू नका.

'हा मेंदूतल्या केमिकलचा आजार आहे' एवढंच सांगणारी पोस्टर मी आता लावू देत नाही. त्याने 'त्याची चूक नाही' हे पटायला मदत होते, पण नुसतं तेवढंच सांगितलं तर लोकांना वाटतं की मग हा कधी बरा होणारच नाही, आणि ते अंतर ठेवायला लागतात, असं दिसून आलंय. बऱ्या होण्याचा भाग सोबत पाहिजेच. तसंच हेडफोन लावून कानात आवाज ऐकवायचे आणि बघा भास कसे होतात असा एक खेळ करतात, तो टाळा, मुलांना दया येते पण दूर राहायची इच्छाही वाढते.

अनुभव सांगायला माणूस बोलवाल तेव्हा असा बोलवा जो आता बऱ्यापैकी सावरलेला आहे, ज्याने काउन्सेलरसोबत बसून काय सांगायचं ते आधी ठरवलंय, आणि मदत कशी मिळाली, पहिल्यांदा कुणाला सांगितलं, त्याने काय केलं यावर जास्त वेळ बोलेल. संकटातून कोणी कसं बाहेर आलं याच्या बातम्यांचा चांगला परिणाम होतो असं २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांना दिसलं, त्याला पापागेनो इफेक्ट म्हणतात. शाळेतल्याच मुलाला स्टेजवर उभं करायचं असेल तर फार विचार करा. टाळ्या मिळतात, पण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच वर्गात बसायचं असतं आणि पुढची दोन वर्षं तो 'तो डिप्रेशनवाला' होऊ शकतो. मी तरी आत्तापर्यंत फक्त शाळा सोडून गेलेल्या मुलांनाच बोलावलंय.

शाळेच्या व्यवस्थेतला कलंक

याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या शाळेत काउन्सेलरने बोलावलं की शिपाई भर वर्गात चिठ्ठी घेऊन यायचे आणि शिक्षक मोठ्याने वाचायचे, 'अमुक अमुक, काउन्सेलरकडे जा', की चाळीस माना वळायच्या. आम्ही वर्षभर 'लाजू नका' म्हणून पोस्टर लावत होतो आणि शाळाच रोज त्या मुलांना सगळ्यांसमोर उभं करत होती. सर्व्हेत एका मुलीने हे लिहिलं म्हणून कळलं, मला शिक्षिका असून कधी दिसलं नव्हतं. क्लबच्या मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला, आता ऑफिस, लायब्ररी, काउन्सेलर सगळ्यांसाठी एकाच रंगाची बंद चिठ्ठी येते.

तुमच्या शाळेत असं काय आहे ते शोधा. काउन्सेलरची खोली स्टाफरूमसमोर आहे का, दाराला काच आहे का, वेळ घ्यायला वर्गशिक्षकांची सही लागते का, मधल्या सुट्टीत खोली बंद असते का. एक दिवस क्लबच्या चारपाच मुलांनी नवीन मुलासारखं ठरवून बघायचं की मला मदत हवी आहे, मी आत्ता काय करू, आणि जिथे जिथे अडलं ते लिहून काढायचं. मग दर वर्गाला पाच-सहाच्या गटाने ती खोली दाखवायला न्या. आत काय आहे, पहिल्या दहा मिनिटांत काय विचारतात, रडू आलं तर चालतं का, मध्येच उठून जाता येतं का. सगळेच एकदा जाऊन आले की त्या दाराशी उभं राहणं ही कोणाची वेगळी गोष्ट राहत नाही.

वर्षभराचं आणि मोजमाप

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन, १९९२ पासून पाळतात, आणि १० सप्टेंबर आत्महत्या प्रतिबंध दिन, २००३ पासून. हे दिवस जरूर वापरा, शाळा परवानगी पटकन देते, पण एका दिवसावर सगळी ताकद घालवू नका, एकदाच ऐकलेल्याचा परिणाम ओसरतो. महिन्याला एक छोटी गोष्ट पुरते. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे आणि निकालाचा आठवडा यावेळी क्लबची मुलं नेहमीच्या जागी बसलेली दिसली पाहिजेत, कार्यक्रम नसला तरी चालेल.

सहा महिन्यांनी तोच सर्व्हे, तेच शब्द, तसाच कागद. प्रश्न बदललात तर तुलनाच करता येणार नाही. काउन्सेलरकडून नावं न घेता फक्त आकडा घ्या, स्वतःहून किती आले, मित्राने आणलेले किती. आकडा वाढला की शाळेतलं कोणीतरी घाबरतंच, 'क्लब आल्यापासून आजारी मुलं वाढली' म्हणतं, तेव्हा शांतपणे सांगा की मुलं आधीही होती, फक्त येत नव्हती. मला सगळ्यात जास्त आनंद मित्राने आणलेल्यांचा आकडा वाढला तेव्हा झाला होता.

मोठी मुलं शाळा सोडून जातात तेव्हा बरेच क्लब बंद पडतात, म्हणून शेवटच्या वर्षाची परीक्षा सुरू व्हायच्या आधीच खालच्या वर्गातली दोन मुलं सोबत घ्या. एक वही ठेवा, त्यात सर्व्हेचे प्रश्न, परवानगीचं पत्र, बोलायची वाक्यं, कुठला कार्यक्रम फसला आणि का ते, हेल्पलाइनचे नंबर आणि प्रत्येक नंबर शेवटचा कधी लावून बघितला ती तारीख. कोणी काय सांगितलं, कोणाचं नाव, हे त्या वहीत कधीही लिहायचं नाही. वही नव्या मुलांच्या हातात दिली की पहिलं काम त्यांना ते नंबर लावायला सांगा, तुमच्यासमोरच.